केबिन बुक केली खरी, पण चादरी कोणाच्या? रिसॉर्टच्या कॅम्पग्राउंडमधला आमचा पहिला मुक्काम

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अर्धा केबिनचा आहे आणि अर्धा आमच्या तयारीचा. दोन रात्री राहून आल्यावर माझं असं मत झालंय की केबिनबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपण घरूनच पॅक करून नेतो. जागेचं नाव लिहीत नाही, आणि त्याने फार काही अडणारही नाही कारण अशा जागा सगळीकडे साधारण सारख्याच असतात, एक तळं, भरपूर झाडी, मधे तंबूवाल्यांची मैदानं, कॅरव्हॅन लावायचे प्लॉट, पोहायचा तलाव, एक छोटं दुकान आणि कडेला लाकडी केबिन्सची रांग. आम्ही पाच जण, मी, नवरा, मोठी दहाची, धाकटा पाचचा आणि सासूबाई वय 68, उजवा गुडघा कुरकुरणारा. तंबूत झोपायला सासूबाईंचा विरोध आणि हॉटेलला पोरांचा, म्हणून मधला मार्ग केबिन.

तर सगळ्यात पहिली आणि मोठी गोष्ट, फोटोवर जाऊ नका. वेबसाइटवरच्या फोटोत बेडवर पांढऱ्याशुभ्र चादरी, चार-चार उशा, पायाशी घडी घातलेलं ब्लँकेट, वर टॉवेलचा हंस सुद्धा होता. आणि खाली बारीक अक्षरात, जिथे कुणी वाचायला जात नाही तिथे, लिनन पाहुण्यांनी आपापलं आणावं. म्हणजे चादरी आपल्या, उशा आपल्या, पांघरुणं आपली, टॉवेल आपले, आणि हंस पण आपणच करायचा. हे मला कळलं ते निव्वळ फोन केला म्हणून, आणि फोन केला तो सासूबाईंनी डोकं खाल्लं म्हणून. "अगं, संडास आत आहे का बाहेर, तेवढं विचार" एवढाच त्यांचा प्रश्न होता. विचारलं तर कळलं की आम्ही जी केबिन बुक करत होतो, स्वस्त आणि दिसायला गोड, तिच्यात बाथरूमच नाही! सगळ्यांसाठी एक कॉमन बाथरूमची इमारत, केबिनपासून दोन-तीन मिनिटं चालत. दिवसा ठीक आहे हो, पण रात्री दोन वाजता 68 वर्षांच्या बाईने टॉर्च घेऊन खडीवरून जायचं, ते पण त्या गुडघ्याने? लगेच बदलून घेतली. थोडे जास्त पैसे गेले पण माझ्या मते सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच.

त्या फोनवर मी मग सगळंच विचारून घेतलं आणि पलीकडची मुलगी कंटाळली नाही ह्याबद्दल तिला एक स्टार वेगळा. भांडी आहेत का, किती आहेत, शेगडी आत आहे का फक्त बाहेरची ग्रिल, फ्रिज केवढा, गीझर किती लिटरचा, खिडक्यांना जाळ्या आहेत का, पंखा किंवा हीटर, प्लगचे पॉइंट किती आणि बेडजवळ आहेत का (सासूबाईंचं रात्रीचं मशीन), मोबाइलला रेंज येते का. एक विचारायचं राहिलं ते म्हणजे केबिन नेमकी कुठे आहे. आमची निघाली मुलांच्या झोपाळ्यांना लागून. तेव्हा नकाशा मागवून घ्या आणि बोट ठेवून सांगा कुठली हवी ते. झोपाळ्याजवळची नको, कचरापेटीजवळची नको आणि बाथरूमच्या इमारतीच्या अगदी समोरची पण नको, तिथे रात्रभर दिवा असतो आणि दार आपटत असतं.

आता नवऱ्याची तयारी. ह्या माणसाला कॅम्पिंग म्हटल्यावर काय झालं माहीत नाही, रोज एक पार्सल. घडीचं फावडं, होकायंत्र, आगपेटी ओली झाली तर म्हणून चकमक, तीस मीटर दोरी, एक शिट्टी, आणि डास पळवणारं आवाजाचं यंत्र. मी म्हटलं अरे आपण केबिनमध्ये जातोय, ध्रुवावर नाही. फावडं डिकीतून बाहेर आलंच नाही. होकायंत्राने धाकटा दोन दिवस "उत्तर इकडे" करत फिरला, तेवढा उपयोग. डासांच्या यंत्राबद्दल खाली लिहितेच. पण दोरी! दोरीबद्दल मी शब्द मागे घेते. तळ्यात पोहून आल्यावर पाच ओले टॉवेल, पाच पोहायचे कपडे, केबिनमध्ये मोजून तीन हुक, आणि ओलं तसंच ठेवलं तर सकाळपर्यंत कुबट वास. व्हरांड्याच्या दोन खांबांना दोरी बांधली आणि प्रश्न मिटला. दोरी आणि डझनभर चिमटे, बस. बाजूच्या केबिनमधल्या बाई उरलेली दोरी मागून घेऊन गेल्या तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

चादरींबद्दल एक बारीक गोष्ट, इलॅस्टिकच्या नेऊ नका. गादीची जाडी किती हे आधी कळत नाही, आमच्याकडे मोठा बेड क्वीन साइझचा म्हणजे साधारण 5 फूट बाय 6 फूट 8 इंच, पण गादी इतकी पातळ की घरची इलॅस्टिकवाली चादर बसण्याऐवजी लोंबत होती. साध्या सपाट चादरी न्या, कुठेही खोचता येतात. आणि गाद्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये असतात, झोपलं की कर्रर्र आवाज आणि पाठीला घाम, म्हणून चादरीखाली एखादी जुनी गोधडी किंवा जाडसर काहीतरी घाला, फरक पडतो.

पण बंक बेडच्या वरच्या गादीवर जाड काही घालू नका, आणि इथे मला जरा गंभीर व्हायचंय. वरच्या बेडवरून पोरांमध्ये गाडीतच महायुद्ध झालं होतं. नियम असा सांगतात की 6 वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नाही. धाकटा पाचचा, त्यामुळे रडारड. मोठीला वर दिलं, तिला मऊ वाटावं म्हणून मी भली जाड रजई गादीवर टाकली आणि मग लक्षात आलं की कठडा आता जेमतेम चार बोटं वर उरलाय. कठडा गादीच्या वर निदान 5 इंच तरी हवा, त्याच हिशेबाने ते बेड बनवलेले असतात, आपण वर थर चढवला की कठडा आपोआप ठेंगणा होतो. रजई काढली. शिवाय शिडी हलवून बघा, आमची एका बाजूने सैल होती, ऑफिसात सांगितल्यावर अर्ध्या तासात माणूस येऊन पिळून गेला. ह्याला पूर्ण मार्क.

पोचलो आम्ही संध्याकाळी. चेक-इन दुपारी उशिराचा होता, वाटेत आम्ही रेंगाळलो आणि दार उघडेपर्यंत उजेड संपत आलेला. इथे माझी स्वतःची चूक, सामान मी मापात भरलं होतं, म्हणजे आधी जड बॅगा खाली, वर हलक्या, आणि पहिल्या तासात जे लागतं ते सगळं तळाशी. टॉर्च तळाशी. डासांचं मलम तळाशी. चादरी तळाशी. सासूबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसून डास मारतायत, पोरं भूक भूक करतायत आणि मी डिकीत डोकं घालून. पुढच्या वेळी एक वेगळी पिशवी, सगळ्यात शेवटी भरायची आणि सगळ्यात आधी काढायची, त्यात डोक्याला लावायचा टॉर्च, मलम, चादरी, साबण, टॉयलेट पेपर, प्यायचं पाणी आणि घरूनच तयार करून आणलेलं पहिल्या रात्रीचं जेवण. पहिल्या रात्री तिथे स्वयंपाक करायचा बेत करूच नका, उगाच भांडणं होतात.

आणि हो, बॅगा आत आणून गादीवर टाकायच्या आधी गादीच्या शिवणी टॉर्चने बघून घ्या, ढेकूण असले तर तिथेच काळे ठिपके दिसतात. आमच्याकडे काही नव्हतं, केबिन स्वच्छ होती, कोपऱ्यात दोन कोळी होते पण ते आमच्या आधीपासूनचे रहिवासी.

स्वयंपाकघर म्हणजे एका भिंतीला दोन विजेच्या शेगड्या, एक सिंक, एक छोटा फ्रिज. भांडी "उपलब्ध" ह्याचा अर्थ दोन पातेली, एक तवा ज्याचं कोटिंग निघालंय, आणि एक सुरी जिने टोमॅटो चिरत नाही, दबतो. आपली एक चांगली सुरी, विळी नको बाई, सुरीच, एक कापायची पाटी, कॅन ओपनर, भांडी घासायचा स्पंज आणि दोन फडकी न्या. सासूबाईंनी सिंकपाशी उभं राहून एकदा विचारलंच, "एवढं घर सोडून आलो ते इथे येऊन परत भांडी घासायला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भांडी नवऱ्याकडे दिली.

फ्रिज बारका होता आणि त्यातला बर्फाचा कप्पा फक्त नावाला. आम्ही पाण्याच्या बाटल्या घरून गोठवून आइसबॉक्समध्ये ठेवल्या होत्या, हे फार कामाला आलं कारण मोठा घट्ट बर्फ क्यूबपेक्षा सावकाश वितळतो आणि वितळलेलं पाणी प्यायलाही होतं, डब्यांमध्ये ओल पण होत नाही. दूध, अंडी, मांस असलं काही असेल तर 4 अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवं, बाहेर टेबलावर दोन तासांच्या वर राहिलं की टाकून द्यायचं, आणि कडक ऊन असेल, 32 अंशांच्या वर, तर एकच तास. वीस-पंचवीस रुपयांचा नाही पण स्वस्तातला एक फ्रिजचा थर्मामीटर मिळतो तो टाकून ठेवा. आमच्या फ्रिजने पहिल्या रात्री 9 दाखवले, नॉब फिरवल्यावर सकाळी 3 वर आला. थर्मामीटर नसता तर दूध नासल्यावरच कळलं असतं.

वीज. सकाळी सात वाजता गारठा, नवऱ्याने हीटर लावला, मी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली, आणि फट्! अख्खी केबिन बंद. ह्या दोन्ही वस्तू एकेकटीच दीड हजार वॉटच्या आसपास किंवा वर खातात आणि केबिनमधलं वायरिंग बेताचं, बहुतेक सगळे प्लग एकाच सर्किटवर. ब्रेकरचा डबा कुठे आहे हे आल्या आल्याच बघून ठेवा, आम्ही अंधारात कपाटं उघडत बसलो आणि तो होता बाहेर, केबिनच्या मागच्या भिंतीला. त्यानंतर घरात घोषणा, "किटली लावतेय, हीटर बंद करा". गीझरचंही तसंच, टाकी छोटी, दोन अंघोळीत गरम पाणी संपतं आणि परत तापायला अर्धा-पाऊण तास. पहिला नंबर सासूबाईंचा, शेवटचा नवऱ्याचा, ह्यावर एकमत होतं, म्हणजे चार विरुद्ध एक.

आता ज्याच्यासाठी पोरं आली होती ते, शेकोटी. प्रत्येक केबिनसमोर लोखंडी कडं घातलेला खड्डा. मी घरामागची वाळलेली लाकडं गाडीत भरायला काढली होती, ऑफिसच्या मुलीने फोनवरच सांगितलं, बाहेरून लाकूड आणायचं नाही. मला वाटलं, आपलं लाकूड विकायचा धंदा. पण कारण खरं निघालं. लाकडात किड्यांची अंडी, अळ्या असतात. उत्तर अमेरिकेत 2002 मध्ये एक हिरवा चमकदार भुंगा सापडला, मूळचा पूर्व आशियातला, त्याने तिथली कोट्यवधी ॲशची झाडं मारली, आणि तो भुंगा स्वतः उडून काही फार लांब जात नाही, लांबचा प्रवास करतो तो लोकांच्या गाड्यांमधल्या सरपणातून. हे मोठीला सांगितल्यावर ती दोन दिवस प्रत्येक ओंडका उलटसुलट करून भोकं शोधत होती. तर लाकूड तिथलंच घ्या. फक्त दुकान संध्याकाळी लवकर बंद होतं, दिवसाच घेऊन ठेवा. आणि आमची एक मोळी ओली होती, जळायच्या ऐवजी धुमसत होती, सगळे डोळे चोळत खुर्च्या इकडून तिकडे हलवतायत. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघायची, खणखणीत आवाज आला तर वाळलेलं, बद्द आला तर ओलं. हे मला सासूबाईंनी शिकवलं, आयुष्यात चूल पेटवलेल्या बाईसमोर नवऱ्याची चकमक म्हणजे काय सांगू. त्याने वीस मिनिटं ठिणग्या पाडल्या. त्यांनी काडीसारख्या बारीक ढलप्या काढल्या, वर बोटभर जाडीच्या, मधे हवेला जागा, एक काडी ओढली आणि झालं.

पण विझवताना लक्ष द्या. नवरा वाळू टाकून झोपायला निघाला होता. वाळूखाली निखारे झाकले जातात, विझत नाहीत, सकाळपर्यंत आत धग राहते आणि वरून दिसतं सगळं थंडगार, आणि सकाळी अनवाणी पळत सुटणारी पोरं. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत पाणी, सुसू आवाज थांबेपर्यंत, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायचं ऊब लागते का. एक बादली पाणी शेकोटी पेटवायच्या आधीच शेजारी भरून ठेवायची. केबिनमध्ये बादली नव्हती, ह्याचे मार्क मी कापले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि नवऱ्याला कल्पना सुचली की कोळशाची ग्रिल व्हरांड्यात छपराखाली ओढून घेऊ. मी सरळ नाही म्हटलं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि व्हरांड्यातून उघड्या दारा-खिडक्यांतून आत यायला किती वेळ. ऊब म्हणून निखारे आत नेणं तर अजिबातच नाही. केबिनमध्ये त्याचा अलार्म आहे का आणि बटण दाबल्यावर वाजतो का ते बघा, आमचा वाजला, इतका की बाजूच्या केबिनचं कुत्रं भुंकायला लागलं.

पावसाची दुपार मात्र मला सगळ्यात जास्त आवडली. पत्ते, एक सापशिडी, व्हरांडा, पत्र्यावर धो धो आवाज. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे कुणी खाली मान घालून बसलं नाही. (नकाशा आणि जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता घरूनच डाउनलोड करून ठेवा मात्र, रेंज नसणं रोमँटिक असतं ते कुणाला ताप येईपर्यंतच.) सासूबाईंनी पत्त्यात सरळसरळ लबाडी केली आणि पकडल्या गेल्यावर चष्म्याला दोष दिला.

डास. ते आवाजाचं यंत्र, जे म्हणे माणसाला ऐकू येत नाही पण डासांना येतं, त्याच्यावर एक डास बसलेला मी स्वतः पाहिला. पैसे पाण्यात. अंगाला लावायचं डीट किंवा पिकारिडिनवालं मलम, ते चालतं, लहान मुलांना किती टक्क्यांचं ते पॅकवर वाचून घ्या आणि मुलांच्या तळहातांना लावू नका, डोळ्यात जातं. उन्हाचं क्रीम पण लावायचं असेल तर आधी ते, सुकू द्या, मग वरून मलम. संध्याकाळी लांब बाह्या, पाय झाकलेले. गवतातून फिरून आलात तर गोचीड शोधा, गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही. धाकट्याच्या मोज्यावर एक सापडली, चिकटायच्या आधीच, तर त्याने तिला नाव ठेवलं. सांगत नाही काय ते, घरातल्या एका माणसाचं आहे.

पहिल्या रात्री आइसबॉक्स व्हरांड्यात राहिला. रात्री खुडबुड, सकाळी झाकण उघडं, ब्रेड गायब, अंड्यांची टरफलं पायऱ्यांवर रांगोळीसारखी. कोण आलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाणं, टूथपेस्ट, कचऱ्याची पिशवी, वासाचं जे काही असेल ते रात्री आत किंवा गाडीत बंद. भिंतीवर नोटीस होतीच, आम्ही वाचली ती नंतर.

शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सात. भिंती पातळ, पलीकडचं घोरणं ऐकू येतं म्हणजे आपलंही जातंच. पण दहाला खरंच सगळं गप्प झालं, झोपाळे सुद्धा, आणि ऑफिसचा माणूस एक फेरी मारून गेला, तेवढी शिस्त मला आवडली. सगळे दिवे बंद करून व्हरांड्यात वीस-पंचवीस मिनिटं बसलो तेव्हा कुठे डोळे अंधाराला सरावले आणि चांदण्या नीट दिसायला लागल्या, तेवढ्यात नवऱ्याने डोक्यावरचा टॉर्च लावून "अगं मलम कुठंय" विचारलं. परत वीस मिनिटं.

निघताना केबिन आपणच झाडायची, भांडी धुऊन ठेवायची, कचरा नेऊन टाकायचा, सकाळी अकराच्या आत. आम्हाला पावणेबारा झाले, ते काही बोलले नाहीत, पण पुढची माणसं गाडीत बसून आमच्याकडे बघत होती ते जास्त बोचलं.

एकूण पाचपैकी चार. अर्धा स्टार फोटोतल्या चादरींसाठी कापला आणि अर्धा बादली आणि सुरीसाठी मिळून. परत जाणार का, तर हो, बुकिंग झालंय सुद्धा, तीच रांग पण तळ्याकडच्या टोकाची केबिन, नकाशावर बोट ठेवून. तोपर्यंत धाकट्याला सहा पूर्ण झालेली असतील, त्याने कॅलेंडरवर त्या तारखेला बंक बेडचं चित्र काढून ठेवलंय, वर तो आणि खाली ताई. मोठीने ते अजून पाहिलेलं नाही.